समाजविज्ञानाची आंतरविद्याशाखीय पदवी: प्रवेशाच्या अर्जापासून गावातल्या पहिल्या मुलाखतीपर्यंत

बारावीनंतर मी या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "म्हणजे विषय नेमका कोणता?" इतिहास म्हटलं की लोकांना कळतं, अर्थशास्त्र म्हटलं की कळतं. 'सोशल सायन्सेस' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग त्यात पुढे काय?" मला तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता येत नव्हती. आता दर जूनमध्ये ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो आणि तेच प्रश्न मला विचारले जातात. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे. मी लहान गावातून, मराठी माध्यमातून आले. तुम्हीही तसेच असाल तर चौथी आणि सातवी पायरी जरा सावकाश वाचा.

१. आधी हा अभ्यास चालतो कसा, ते समजून घ्या

थोडा इतिहास, थोडं अर्थशास्त्र, थोडं समाजशास्त्र, अशी या पदवीची कल्पना करून आलात तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हाती काहीच लागत नाही. इथे मध्यभागी प्रश्न असतो. त्या प्रश्नाला जी जी विद्याशाखा भिडते, ती ती शिकावी लागते.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. बीड, पाथर्डी या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. अनेकांची पूर्ण फिटत नाही. का फिटत नाही?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारेल, उचल ही आगाऊ मजुरी आहे की कर्ज? टनामागे दर किती, आणि हंगामात टन किती भरतात? भूगोलवाला नकाशा काढेल. पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा मजूर पाठवतो आणि कालव्याचं पाणी मिळालेला पट्टा त्यांना बोलावतो. इतिहासाला मागे जावं लागेल, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी कारखान्यापर्यंत आणि १९७२ च्या दुष्काळापर्यंत. राज्यशास्त्र विचारेल की मजुराचा मालक कोण? कारखाना, वाहतूकदार की मुकादम? मालक कोण हेच ठरत नसेल तर कामगार कायदा कुणाला लागू करायचा?

आता समाजशास्त्राकडे या. ऊसतोडीत मोजमापाचं एकक 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या नावाने आणि हिशोबही जोडीचा. म्हणजे त्या बाईची स्वतःची मजुरी कुठल्याच वहीत वेगळी लिहिलेली नसते. जोडी असल्याशिवाय उचल नीट मिळत नाही, म्हणून मुलामुलींची लग्नंही लवकर उरकली जातात. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये पुढे आला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो प्रश्न आरोग्याचा होता, तसाच तो खाड्याचाही होता, कारण पाळीच्या त्रासामुळे एक दिवस काम बुडलं तरी पैसे कापले जातात.

हे कळल्यावर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपला तक्ता पुन्हा मांडावा लागतो. 'दरडोई मजुरी' असा त्याचा रकाना होता, पण इथे डोई मोजलीच जात नाही. एका शाखेचं उत्तर दुसऱ्या शाखेचा प्रश्न बदलून टाकतं तो हाच क्षण, आणि ही पदवी याच क्षणासाठी घ्यायची. असा प्रश्न वाचून तुम्हाला बेचैन व्हायला होत असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. 'एमपीएससीला सोपं जाईल' एवढ्याच कारणासाठी येत असाल तर थांबून विचार करा. कुठल्याही शाखेच्या पदवीवर ती परीक्षा देता येते, त्यासाठी हा मार्ग धरायची गरज नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही समजू नका. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून. त्यांचा जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध मात्र मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी पुण्यात गणित शिकवत. प्राचीन चांदीच्या नाण्यांची झीज तोलून, संख्याशास्त्र लावून त्यांनी इतिहासाचे प्रश्न सोडवायला घेतले आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हिंडून दगडी हत्यारं गोळा केली. गोवा विद्यापीठातल्या समाजविज्ञान शाखेला आज त्यांचंच नाव आहे.

२. कुठे शिकायचं, ते ठरवा

ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली, थेट समाजविज्ञानाची पदवी देणाऱ्या संस्था. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचं एक आवार तुळजापूरलाही आहे. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात समाजविज्ञान आणि मानव्यविद्या अशी जोड-पदवी आहे, हैदराबाद विद्यापीठात पाच वर्षांची एकात्मिक एम.ए. आहे. बंगळूरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठही पाहा. कोणता अभ्यासक्रम कोणत्या आवारात यंदा सुरू आहे, हे मात्र त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेतच बघा. दोन वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या दादा-ताईंच्या सांगण्यावर अर्ज भरू नका.

दुसरी, इतर खासगी विद्यापीठं. शिकवतात चांगलं, पण फी मोठी. तिथे शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच भरायचा असतो की नंतर, हे आधी विचारून घ्या.

तिसरी वाट जवळच्या कॉलेजातूनच जाते आणि तिच्याकडे फार कमी लोक गांभीर्याने बघतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (खुल्या निवडीचा विषय) असे भाग झाले आहेत. समाजशास्त्र मेजर, अर्थशास्त्र मायनर आणि इलेक्टिव्हमधून संख्याशास्त्र किंवा भूगोल, अशी बांधणी केली तर बरंचसं तेच शिक्षण तालुक्याच्या गावी मिळू शकतं. अडचण एवढीच की कागदावर पर्याय दहा असतात आणि शिकवायला प्राध्यापक तीन. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारा, "गेल्या वर्षी यातले कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले?" जे तिथे नाही ते 'स्वयम्' या सरकारी मंचावरून घेता येतं. त्याचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) धरले जाणार का, हे मात्र विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

३. परीक्षा आणि कागदपत्रं

केंद्रीय विद्यापीठांत आणि इतर बऱ्याच संस्थांत प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतो. ही परीक्षा २०२२ पासून सुरू झाली आणि मराठीसह १३ भाषांत देता येते. सगळ्यात मोठी चूक अर्ज भरतानाच होते. परीक्षेत कोणते विषय निवडायचे हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. आधी तुमच्या तीन-चार विद्यापीठांच्या अटी एका कागदावर लिहा आणि त्या सगळ्यांत बसतील असे विषय भरा. चांगले गुण असूनही एक विषय भरला नाही म्हणून बाहेर राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

कागदपत्रं एप्रिलच्या आतच गोळा करायला घ्या:

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- दुसऱ्या राज्यात किंवा केंद्रीय संस्थेत जात असाल तर बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट
- अधिवास (डोमिसाइल) आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर
- ईडब्ल्यूएसमधून अर्ज असेल तर चालू आर्थिक वर्षाचा दाखला
- आधारशी जोडलेलं बँक खातं
- क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी आयडी (डिजिलॉकरवरून निघतो)

यात एक सापळा आहे आणि मी स्वतः त्यात सापडले होते. राज्याच्या नमुन्यातला ओबीसी दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राचा नमुना वेगळा, यादीही वेगळी. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती अशी स्वतंत्र आरक्षणं केंद्रीय संस्थांत नाहीत. यांतल्या पुष्कळ जाती तिथे ओबीसीत धरल्या जातात. मला हे कळलं तेव्हा मुदत संपायला तीन दिवस उरले होते. वडील कामावर खाडा करून दोन दिवस दाखल्यामागे फिरले. ती धावपळ तुमच्या घरी होऊ नये. सेतू केंद्रात गेल्यावर "केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा" असं स्पष्ट सांगा.

राज्याच्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज असतो. अनुसूचित जातीच्या मुलांनी वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाचा खर्च देणारी स्वाधार योजना जरूर पाहावी. पैसे हातात उशिरा येतात हे धरून चला आणि पहिल्या सत्राच्या जेवणाची-भाड्याची सोय वेगळी करून ठेवा.

४. पहिलं वर्ष: शब्द

पहिले दोन महिने मला वाटायचं की माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून वाचलेलं कळत नाही. ते अर्धंच खरं होतं. माझ्या वर्गात इंग्रजी माध्यमातली मुलंही तितकीच गोंधळलेली होती, कारण एकच शब्द प्रत्येक शाखेत वेगळ्या अर्थाने येतो. मराठीतलाच 'मूल्य' घ्या. अर्थशास्त्रात ते किमतीजवळ जातं, समाजशास्त्रात श्रद्धेजवळ. 'भांडवल' म्हटल्यावर एका तासाला कारखाना आणि यंत्रं डोळ्यांपुढे येतात, पुढच्या तासाला ओळखीपाळखी आणि बोलण्याची ढब.

किंवा 'कुटुंब' घ्या. जनगणनेत कुटुंब मोजताना नात्यापेक्षा स्वयंपाकघर महत्त्वाचं असतं. एकत्र राहून एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की "चूल वेगळी झाली" म्हणतात, ती व्याख्या हीच. आता ऊसतोडीला गेलेले आई-बाप आणि गावात आजीजवळ राहिलेली मुलं यांचं कुटुंब एक धरायचं की दोन? असा प्रश्न पडला की व्याख्या पाठ करावी लागत नाही, ती आपोआप डोक्यात बसते.

म्हणून एक वही करा. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर कुठल्या शाखेत काय अर्थ, आणि खाली गावाकडचं एक उदाहरण. उदाहरण सुचत नसेल तर शब्द अजून समजलेला नाही.

इंग्रजी वाचनासाठी मला उपयोगी पडलेली पद्धत अशी: लेख हाती आला की आधी सुरुवात आणि शेवट वाचायचा आणि लेखक कुणाशी भांडतो आहे ते एका मराठी वाक्यात लिहायचं. मग मधला भाग. शब्दकोश दुसऱ्या वाचनाला उघडायचा, पहिल्या नाही. संकल्पनेशी पहिली ओळख मराठीतून करून घेण्यात कमीपणा मानू नका. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे आणि त्यातल्या समाजशास्त्र-अर्थशास्त्रावरच्या नोंदी नेटक्या आहेत. वर्गात प्रश्न मराठीत सुचला तर मराठीत विचारा. माझ्या एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात तशी मुभा दिली आणि त्यानंतर आमच्या मागच्या बाकांवरून प्रश्न यायला लागले.

५. दुसऱ्या वर्षाच्या आत एक घर निवडा

हा सल्ला मला कुणी दिला नाही, म्हणून आग्रहाने देते. सगळ्याच शाखांत पाहुणे म्हणून राहू नका. एका शाखेत घर करा, म्हणजे तिचे मूळ वाद, तिची पद्धत आणि तिचा पुरावा नीट शिका. बाकीच्या शाखांत मग येणं-जाणं ठेवता येतं. निवडताना विषयापेक्षा पद्धत बघा. जुन्या कागदपत्रांत तास न् तास रमता? इतिहास. लोकांशी बोलायला, त्यांच्यात राहायला आवडतं? समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र. तक्ता दिसला की त्यातली विसंगती शोधावीशी वाटते? अर्थशास्त्र.

याला व्यवहाराची बाजूही आहे. पुढे बी.एड. करायचं असेल तर शालेय विषयाचं पदवीपातळीवरचं शिक्षण विचारलं जातं, आणि नेट (प्राध्यापकी-संशोधनासाठीची पात्रता परीक्षा) ज्या विषयात द्याल त्याकडे नेणारी एम.ए. सहसा लागते. 'समाजविज्ञान' एवढंच पदवीवर लिहिलेलं असेल तर एका विषयाचे क्रेडिट ठळक दिसतील असे पेपर निवडा.

६. आकडे

संख्याशास्त्राचा पेपर टाळू नका. गणित सोडून आलेली मुलंही सरासरी, मध्यगा, टक्केवारी आणि नमुना निवड एवढं नीट शिकू शकतात, आणि पदवीच्या कामाला ते पुष्कळ पुरतं. साधी स्प्रेडशीट आधी, 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा नंतर. संदर्भ नोंदवायला झोटेरो पहिल्या वर्षापासून वापरा; ते मोफत आहे.

माहिती कुठून घ्यायची? जनगणना २०११ चे गावपातळीचे तक्ते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (पाचवी फेरी २०१९–२१ ची), दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. आणि आपल्या जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' काढून बघा. ते मराठीत असतं, फार कमी विद्यार्थी उघडतात, आणि तालुक्यानुसार आकडे त्यात सापडतात.

७. गावात जाताना

या पदवीतलं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं काम हेच. जाण्याआधी संस्थेचं पत्र घ्या, सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटा, पण तिथेच अडकू नका. सरपंचांच्या घरून सुरू झालेली पाहणी बहुतेक वेळा गावठाणातल्या चार ओळखीच्या घरांत संपते. वस्ती, तांडा, पाड्यापर्यंत पायी जा.

वही-पेन घेऊन घरोघर फिरणारं माणूस दिसलं की लोकांना वाटतं, घरकुलाची यादी करायला आले. तसं वाटू देऊ नका. पहिल्या वाक्यातच सांगा: "मी विद्यार्थी आहे, माझ्याकडून कुठली योजना मिळणार नाही, आणि उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणा." हे सांगितल्यावर काही जण उठून जातात. जाऊ द्या. खोट्या आशेवर मिळालेलं उत्तर तुमच्या कामाचं नाही, आणि त्या माणसावर तो अन्याय आहे. संमतीपत्रावर सही मागितली तर अनेक घरं बिचकतात, कारण कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याचे अनुभव पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. मार्गदर्शकांना विचारून तोंडी संमतीची सोय करून घ्या.

माझी चूक सांगते. ऊसतोडीच्या एका फडावर मी एका मावशींना मजुरीबद्दल विचारलं. मुकादम शेजारी उभा होता. त्यांनी दर सांगितला, मी लिहून घेतला. संध्याकाळी हापशावर त्याच मावशी भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, ते त्याच्यासमोरचं होतं." मग त्यांनी किती पैसे कापले जातात, कशासाठी कापले जातात, ते सांगितलं. माझी वही त्या दिवसापुरती चुकीची होती. वाईट याचं वाटलं की मी त्यांना मुकादमासमोर अडचणीत टाकलं होतं. प्रश्न काय विचारायचा हे वर्गात शिकवतात. तो कुठे, कधी आणि कुणाच्या माघारी विचारायचा, हे आधी विचार करून ठरवा. बायकांशी बोलायची वेळ स्वयंपाकाची किंवा पाण्याची नसावी, पण हापसा किंवा ओढा ही बोलायची जागा असू शकते, कारण तिथे घरातलं कुणी ऐकत नसतं.

टिपणं त्याच रात्री लिहून काढा. दोन दिवसांनी आठवतं ते आपलंच मत असतं. खरी नावं वहीत नको, खुणेची नावं ठेवा आणि त्यांची यादी वेगळीकडे. काम झाल्यावर एकदा परत जा आणि जे लिहिलं ते मराठीत वाचून दाखवा. त्या बैठकीत माझ्या लेखातल्या दोन गोष्टी दुरुस्त झाल्या.

सोबत काय न्यायचं: दोन वह्या, तीन पेनं, पाण्याची बाटली, टोपी, ओळखपत्र, संस्थेच्या पत्राच्या चार प्रती. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नको.

८. तीन वर्षं की चार?

साधारण १२० क्रेडिटवर तीन वर्षांची पदवी मिळते, १६० वर चार वर्षांची ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. म्हणजे हा निर्णय तिसऱ्या वर्षी घ्यायचा असला तरी त्याची तयारी पहिल्या सत्रापासून होते. संशोधनाची ओढ असेल तर चौथं वर्ष करा. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर तीन वर्षांनी बाहेर पडून नोकरी करणं हाही पूर्ण विचारांती घेतलेला चांगला निर्णय आहे, कुणाला काही वाटू देऊ नका. माझ्या वर्गातले लोक स्वयंसेवी संस्थांत, संशोधन प्रकल्पांवर, पत्रकारितेत, शाळांत आहेत, काही एम.ए. करत आहेत. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव मागतात, तेव्हा पहिल्या नोकरीचं अनुभवपत्र जपून ठेवा.

आणि शेवटच्या सत्रात हे न विसरता करा: सगळ्या पेपरांचा सविस्तर अभ्यासक्रम छापून त्यावर विभागाचा शिक्का आणि सही घ्या. पुढच्या विद्यापीठात किंवा परदेशी अर्जात "या पेपरात नेमकं काय शिकवलं" असं विचारलं जातं, आणि पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो. ही फाइल गुणपत्रिकांच्या शेजारी ठेवा, आणि स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून द्या.